पत्रोत्तरे: देवानं मुलाचा बळी दिला का?

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), म्हणजे येशूच्या वधस्तंभावरच्या मरणाचा दिवस, जवळ आला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लग्न, वाटण्या, मुलांची शिक्षणं. या महिन्यात जवळपास सगळी पत्रं वधस्तंभाविषयी आहेत. काही ख्रिस्ती घरांतून आलीत, बरीचशी नाहीत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात उभी हयात नर्स होते. हे हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलं. निवृत्तीनंतर मी मंडळीतल्या बायकांचा पवित्र शास्त्राचा वर्ग घेते. मी पाळक नाही. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, म्हणून फक्त गावं देते.

"आमच्याकडं जत्रेला नवसाची बोकडं पडतात. लहानपणी मजा वाटायची, आता बघवत नाही. माझा एक ख्रिस्ती मित्र सांगतो की जगाच्या पापासाठी देवानं आपला एकुलता एक मुलगा दिला. मी त्याला म्हटलं, म्हणजे बोकडाच्या जागी पोरगाच! रागावलेल्या देवाला रक्त लागतं हे दोन्हीकडं सारखंच की. शिवाय स्वतःचा मुलगा मारणारा बाप चांगला कसा? तो गप्प बसला. सिस्टर, तुम्ही उत्तर द्या." (एक शिक्षक, जत तालुका)

भाऊ, तुम्ही सरळ विचारलंत ते बरं केलंत. असाच प्रश्न शास्त्रातही विचारलेला आहे. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात यहूदा देशात मीखा नावाचा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, होऊन गेला. त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक माणूस देवापुढं काय घेऊन जाऊ म्हणून विचारतो आणि बोली वाढवत नेतो. एक वर्षाची वासरं आणू? हजारो मेंढे आणू? तेलाच्या नद्या? शेवटी म्हणतो, माझ्या अपराधासाठी माझा पहिला मुलगा देऊ काय? उत्तर येतं ते असं: न्यायानं वाग, दयेची आवड धर आणि आपल्या देवासमोर नम्रपणे चाल. मुलगा मागितलेलाच नाही. यिर्मया या पुढच्या संदेष्ट्याच्या काळात यरुशलेमेबाहेर हिन्नोमाच्या खोऱ्यात लोक आपली लेकरं आगीत घालत. त्यावर देव म्हणतो, हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि ५०व्या स्तोत्रात तो विचारतो, मला भूक लागली तर मी तुला कशाला सांगू, रानातलं प्रत्येक जनावर माझंच आहे ना? तेव्हा रक्ताला आसुसलेला देव आमच्या शास्त्राचा नाही, एवढं आधी मान्य करा.

मग यज्ञ नव्हते का? होते. यरुशलेमच्या मंदिरात सकाळ-संध्याकाळ रोज एक कोकरू अर्पण होई. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस असे. त्या दिवशी दोन बकरे आणत. एकाचं अर्पण होई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मुख्य याजक सगळ्या लोकांची पापं कबूल करी आणि मग तो बकरा रानात सोडून देत. सगळी मंडळी त्याला दूर जाताना बघत असणार. लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात हा विधी सविस्तर आहे, जरूर वाचा. पण पुढच्याच अध्यायात देव म्हणतो की वेदीवरचं हे रक्त मीच तुम्हांला दिलंय. आणि पुढं इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्वच्छ म्हटलंय, की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्तानं पापं दूर होणं शक्यच नाही. दरवर्षी तोच विधी करावा लागतो म्हणजे काम झालेलं नाही. सगळे खऱ्या देणाऱ्याची वाट बघत होते.

आता इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याची गोष्ट. ती ऐकली की माझ्या वर्गातल्या आया अजूनही पदर डोळ्याला लावतात. देवानं अब्राहामाची परीक्षा घेतली, तुझा मुलगा इसहाक याचं अर्पण कर म्हणाला. मोरियाच्या डोंगरावर इसहाक स्वतःच्या पाठीवर लाकडं घेऊन चढतोय आणि बापाला विचारतोय, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? अब्राहाम म्हणतो, बाळा, कोकरू देव स्वतः पाहून देईल. सुरी उचलली जाते तेव्हा हाक येते, मुलावर हात टाकू नकोस. झुडपात शिंगं अडकलेला एक एडका दिसतो आणि मुलाऐवजी त्याचं अर्पण होतं. माणसानं आपलं मूल देवाला द्यायचं नाही, हा विषय त्या डोंगरावर संपला. द्यायचं झालं तर देव देईल. पुढं कितीतरी शतकांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं येशूकडं बोट दाखवून म्हटलं, "पाहा, हा देवाचा कोकरा." गावाचा नाही, अब्राहामाचा नाही, देवाचा.

तुमच्या मित्रानं इथं बोट ठेवायला हवं होतं. जत्रेत देणारा माणूस असतो आणि घेणारा देव. वधस्तंभावर ते उलटं आहे. योहानाच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे येशूच्या चरित्रातलं, वचन तुम्ही कुठंतरी भिंतीवर वाचलं असेल: "देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला". प्रीती आधी आहे. पुत्र मेला म्हणून बापाचा राग निवळला आणि मग तो प्रेम करायला लागला, असा क्रम शास्त्रात कुठंही नाही. बाप प्रेम करत होता म्हणून पुत्र आला.

आणि तो पुत्र बांधून आणलेला नव्हता. "माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो," हे त्याचं स्वतःचं बोलणं आहे. त्याला सोपं गेलं असंही नाही. गेथशेमानेच्या बागेत तो जमिनीवर पडून विनवत होता, की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. तरी उठला आणि स्वतःहून पुढं झाला. त्याही पलीकडं, आम्ही पिता आणि पुत्र असे दोन देव मानत नाही. पौल हा प्रेषित लिहितो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. वधस्तंभावर जो आहे तो देवाबाहेरचा कोणी तिसरा नाही. देवानं दुसऱ्याला दिलं असतं तर तुमचा आक्षेप बरोबर होता. त्यानं स्वतःला दिलं.

"मग नुसती क्षमा का केली नाही? देवच तो, वरून म्हणायचं, जा, माफ." हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र त्याचंच येणार, म्हणून सांगते. मी नवीन होते तेव्हा घटसर्पाची मुलं फार यायची. लस सगळीकडं पोचली नव्हती. घशात पांढुरका पडदा धरायचा आणि श्वास कोंडायचा. त्या खोलीत नातेवाइकांना सोडायचं नाही असा नियम होता. सीमेपलीकडून, अथणीकडून आलेली एक बाई काचेबाहेर उभी होती. मराठी येत नव्हतं. आत तिचं लेकरू घाबरून आणखी धापा टाकत होतं. आम्ही औषध देत होतो, काळजी करत होतो, पण त्या पोराला आम्ही कोण? ती बाई दार ढकलून आत आली आणि त्याला उचलून छातीशी धरलं. मोठ्या सिस्टर कन्नडमधून ओरडल्या, तुलाही होईल. तिनं मान हलवली आणि सोडलं नाही. काचेबाहेरून केलेलं प्रेमही प्रेमच असतं, पण जीव कोंडलेल्याला ते पोचत नाही. देव दार ढकलून आत आला, असं आम्ही म्हणतो. तो जन्मला, भुकेला झाला, मार खाल्ला, मेला. एवढंच, की त्या माउलीला मुलाचा आजार स्वतःवर ओढून घेता येत नव्हता. ख्रिस्तानं तो घेतला.

हे नेमकं कसं घडलं यावर मोठमोठ्यांनी वेगवेगळं लिहिलंय. पहिल्या शतकांतले पुष्कळ जण म्हणत, ख्रिस्तानं मरणावर आणि सैतानावर विजय मिळवला. अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म हा धर्मपंडित म्हणाला, माणसानं देवाचा मान बुडवला होता, तो फेडणं माणसाला शक्य नव्हतं, म्हणून देव माणूस झाला आणि फेडता झाला. त्याच्या मागोमाग आबेलार म्हणाला, ते प्रेम बघून माणसाचं मन वितळतं, हेच तारण. चौथ्या शतकातल्या निकियाच्या मतांगिकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या कबुलीत, मात्र यातलं एकही स्पष्टीकरण नाही. "आमच्याकरिता" वधस्तंभावर खिळला गेला, एवढंच आहे. मला ते पुरतं.

नवसाबद्दल एक शब्द. तुमच्या गावची म्हातारी माणसं नवस फेडतात त्यामागं कुणाचं तरी पोरगं बरं झालेलं असतं. त्यांना हसू नका.

"तारणाऱ्याचं वचन जुन्या करारात (बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात) आधीपासून होतं, असं ख्रिस्ती लोक म्हणतात. पण येशू होऊन गेल्यावर मागं जाऊन त्याला जुळणाऱ्या ओळी शोधून काढल्या असतील, हे जास्त शक्य नाही का?" (इतिहासाची विद्यार्थिनी, विटा)

बाळा, इतिहास शिकतेस ते दिसतंय. आधी तारखांचं बघू. ओळी नंतर लिहून घुसडल्या असं म्हणायला आता जागा राहिलेली नाही. १९४७ साली मृत समुद्राच्या काठी कुमरान इथल्या गुहेत मातीच्या रांजणात ठेवलेल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशया या संदेष्ट्याचं जवळजवळ संपूर्ण पुस्तक आहे. सतरा चामडी जोडून केलेली, सात मीटरहून लांब गुंडाळी. ती येशूच्या जन्माच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीची आहे असं अक्षरवळणावरून ठरवलंय. त्यात ५३वा अध्याय जागच्या जागी आहे: तुच्छ मानलेला, क्लेशांशी परिचय असलेला, आमच्या अपराधांमुळं घायाळ झालेला, कापायला नेल्या जाणाऱ्या कोकरासारखा तोंड न उघडणारा सेवक.

आता तुझा खरा प्रश्न, की हा सेवक येशूच कशावरून. यहुदी विद्वान वेगळं वाचतात. अकराव्या शतकातला त्यांचा थोर भाष्यकार राशी म्हणतो, हा सेवक म्हणजे छळ सोसणारं इस्राएल राष्ट्र. यशयाच्या ४१व्या अध्यायात देव इस्राएलाला "माझ्या सेवका" अशी हाक मारतोच, तेव्हा त्यांचं म्हणणं उगाच नाही. ज्यांच्याकडून आपल्याला हे शास्त्र मिळालं त्यांचं वाचन ऐकून घ्यायचं असतं. तुझाच प्रश्न प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एका कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्यानं विचारलाय. रथात बसून तो हाच अध्याय वाचत होता. येशूचा अनुयायी फिलिप्प भेटल्यावर म्हणाला, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी?

मला पटतं ते असं. येशूचे शिष्य मरणाऱ्या तारणाऱ्याच्या शोधात नव्हतेच. त्यांना दावीदाच्या वंशातला राजा हवा होता. रोमी सैन्याला हाकलणारा. मीखात लिहिलेलं बेथलेहेम, यशयाच्या नवव्या अध्यायातला "शांतीचा अधिपती", हे त्यांना पाठ होतं. पण मला मारतील असं येशूनं सांगितल्याबरोबर त्याचा शिष्य पेत्र यानं त्याला बाजूला घेऊन दटावलं. मरणानंतर अम्माऊसच्या वाटेवर चाललेले दोघे म्हणतात, इस्राएलाची सुटका करणारा तो हाच अशी आमची आशा होती. होती. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात तर असंही लिहिलंय, की झाडाला टांगलेला शापित असतो. अशा मरणाला मशीहाचं, म्हणजे वचन दिलेल्या तारणाऱ्याचं, मरण म्हणणं त्या काळच्या यहुद्याला किती जड गेलं असेल! जुळवून गोष्ट रचायची असती तर कुणी अशी रचली नसती. आधी घटना झाली, तिनं त्यांना हादरवलं, आणि मग जुनी पानं उघडल्यावर तिथं कोकरू दिसलं, सेवक दिसला, २२व्या स्तोत्रातली "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही ओरड दिसली. तू म्हणतेस तसं ते मागं गेले हे खरं. पण ती पानं त्यांची वाट बघत होती, असं मी मानते.

घटनेबद्दलही लिहिते, कारण तुझे सर विचारतील. येशूला पंतय पिलातानं मारवलं हे रोमी इतिहासकार तासितस यानंही नोंदवलंय, आणि १९६१ साली कैसरियात पिलाताचं नाव कोरलेली शिळा सापडली. पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदाचा सुभेदार होता.

"मी संडे स्कूलमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवते. वधस्तंभ समजावताना मी रेल्वेपुलाच्या रखवालदाराची गोष्ट सांगते: गाडी येत असते, त्याचा मुलगा यंत्रात अडकतो, आणि गाडीतल्या लोकांना वाचवायला तो पूल खाली करतो. एक मुलगा रडत घरी गेला आणि आई चिडली. काय करू?" (एक भगिनी, सांगली)

ती गोष्ट सांगणं आजपासून बंद कर. आई बरोबर आहे. मोठमोठ्या सभांमध्ये मी ती ऐकली आहे आणि दर वेळी अंगावर काटा आला. त्या गोष्टीतल्या पोराला काही माहीतच नाही. त्याला कुणी विचारलं नाही. बाप वर सुरक्षित, गाडीतले लोक हसत-खेळत निघून जातात. शुभवर्तमानात यातलं एकही नाही. मूल त्यातून शिकतं काय, तर वेळ आली की बाबा मला सोडतील.

मुलांना लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय सांग. हरवलेलं मेंढरू, ते सापडेपर्यंत शोधणारा मेंढपाळ, खांद्यावर घेऊन परत येणं. सांगलीच्या मुलांनी धनगरांचे कळप रस्त्यानं जाताना बघितलेत, खांद्यावरचं कोकरू त्यांना डोळ्यांपुढं दिसेल. मग सांग की हाच मेंढपाळ म्हणाला, मी मेंढरांसाठी आपला प्राण देतो. खिळे, काटे, रक्त यांचं वर्णन या वयात नको. आणि ईस्टरच्या सकाळपर्यंत गोष्ट न्यायची, मध्येच शुक्रवारी मुलांना घरी पाठवायचं नाही.

"माझा मुलगा मागच्या गळीत हंगामात गेला. रात्री गाडीवरून येत होता. रस्त्यात उभी केलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही, मागं रिफ्लेक्टर नव्हता. भेटायला येणारी आमच्या मंडळीतली माणसं म्हणतात, देवानंसुद्धा आपला मुलगा दिला, मग तू का एवढं मनाला लावून घेतेस. मला संताप येतो. देवाला तिसऱ्या दिवशी मुलगा परत मिळाला. माझा नाही आला. असा राग येणं पाप आहे का?" (एक आई, तासगावजवळून)

ताई, नाही. पाप नाही.

ते वाक्य तुमच्यासमोर म्हणायला नको होतं. त्यांच्या मनात वाईट नसेल, पण वधस्तंभ हा रडणाऱ्या आईचं तोंड बंद करण्यासाठी नाही. आणि तुमचा मुलगा देवानं मागितला नव्हता. रात्रीच्या रस्त्यावर रिफ्लेक्टर न लावता ट्रॉली उभी करणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे. तो देवाच्या खात्यावर कुणी मांडू नये. दर हंगामात अशी पोरं स्ट्रेचरवरून यायची, त्यांचे बूट काढताना माझा जीव गलबलायचा. त्यातलं एकही पोर देवाला हवं होतं म्हणून गेलं, असं मी मानत नाही.

तिसऱ्या दिवसाचं तुम्ही लिहिलंत ते मी बराच वेळ धरून बसले. मला लाजराची गोष्ट आठवली. येशू बेथानीला पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आपण त्याला उठवणार हे येशूला माहीत होतं. थोड्याच वेळात तो हाक मारणार होता आणि लाजर बाहेर येणार होता. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना बघून तो रडला. परत मिळणार हे ठाऊक असूनही रडू येतं, आणि ज्याला सगळं ठाऊक त्यालाही ते आलं. मग तुम्हांला का येऊ नये? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमातली बाळं मारली गेली तिथं यिर्मयाचं जुनं वचन आलंय: राहेल आपल्या मुलांसाठी रडते, ती सांत्वन पावेना, कारण ती नाहीत. शास्त्रानं तिला गप्प केलेलं नाही. ख्रिस्तजन्माच्या गोष्टीत तिचं रडणं तसंच ठेवलंय.

देवानं मुलगा दिला याचा तुमच्याशी संबंध असेल तर तो असा. ज्या देवापुढं तुम्ही संतापलाय, त्यानं मरण लांबून बघितलेलं नाही. "तू माझा त्याग का केलास" हे त्याच्याच मुलाच्या तोंडून निघालंय. त्याची आई मरीया तिथं वधस्तंभाजवळ उभी होती. तुमचं ओरडणं त्या घरात नवीन नाही.

आणि पुनरुत्थान. पौल म्हणतो, उठलेला ख्रिस्त हे पहिलं फळ आहे. बापाला आपलं पोर तेवढं परत मिळालं आणि विषय संपला, असं नाही. बाकीच्या शेतातलं पीक अजून यायचंय, तुमच्या मुलासकट. मी यावर विश्वास ठेवते, मनापासून ठेवते. तुम्ही आज ठेवा असं म्हणणार नाही. प्रार्थना सुचत नसेल तर ८८वं स्तोत्र उघडा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे. पत्ता पाकिटावर होता, तो जपून ठेवलाय. येत्या पंधरवड्यात मी तासगावला येते. काही समजावायला नाही, तुमच्याजवळ बसायला. मुलाचा फोटो बघायला आवडेल मला.

"आम्ही वारकरी. आमचा विठोबाही भक्ताच्या हाकेला धावतो, पतितपावन म्हणवतो. मग तारणारा एकच आणि तोही येशूच, हा हट्ट का?" (एक गृहस्थ, कराड)

दादा, तुमच्या घरात लहानपणापासून अभंग कानांवर पडलेत, त्याचं मोल मला माहीत आहे. आमच्या मंडळीतही टाळ-मृदंगावर भजनं होतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. तुमच्या शेजारच्या साताऱ्यातच त्यांनी शेवटच्या काळात ख्रिस्तभक्तांचा "देवाचा दरबार" मांडला. त्यांनी तो पूल कधी पाडला नाही, आणि मीही कुणाला पाडू देणार नाही.

पण तुम्ही स्पष्ट विचारलंत, तर गुळमुळीत उत्तर देणं तुमचा अपमान होईल. आम्ही जे धरलंय ते दोन गोष्टींसाठी. एक, हे प्रेम एका ठरावीक सुभेदाराच्या काळात, एका शहराच्या वेशीबाहेर, लोकांच्या डोळ्यांदेखत घडलं. दुसरं म्हणजे ते कुणासाठी घडलं. पौल रोमकरांस पत्रात म्हणतो, नीतिमान माणसासाठी कुणी मरायला क्वचितच तयार होईल. आपण पापी असताना, शत्रू असताना ख्रिस्त आपल्यासाठी मेला. भक्तानं हाक मारली म्हणून देव धावला, हे मला कळतं आणि भावतं. इथं हाक नव्हती. लोक "वधस्तंभावर खिळा" म्हणून ओरडत होते, आणि तो म्हणाला, बापा, ह्यांना क्षमा कर. बरब्बा नावाचा एक खुनी त्या दिवशी येशूच्या जागी सुटला. त्यानं येशूची कधी भक्ती केली होती असं कुठं लिहिलेलं नाही, आभार मानल्याचंही नाही. सुटला. मी स्वतःला त्या बरब्बाच्या जागी बघते, म्हणून "एकच" म्हणते. तुम्ही हे मान्य न करताही आमच्या घरी चहाला आलात तर आनंद होईल.

"मी ख्रिस्ती नाही. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये येऊन बसलं तर चालेल का? आधी काय वाचू?" (सातारा)

चालेल. पुष्कळ ठिकाणी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे सात उद्गार एकेक करून वाचतात, मध्ये गीतं होतात. नक्की वेळ चर्चच्या फलकावर बघून घ्या. मागच्या बाकावर बसा, नाव-गाव लिहून घ्यायला कुणी लागलं तर नको म्हणा. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तर ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तेव्हा जागेवर बसून राहायचं, त्यात कमीपणा नाही. वाचायला मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत, एका संध्याकाळी होतात. नंतर यशया ५३. उन्हाचे दिवस आहेत, पाण्याची बाटली सोबत ठेवा.